लांडग्याचं नाव आणि मी गाळलेली गोष्ट

बाबा,

तुम्ही गेल्यापासून सगळे मला चांगलं म्हणताहेत, आणि ते मला अजिबात झेपत नाहीये. परवा नलूआत्यांचा कऱ्हाडहून फोन आला. म्हणाल्या, "मृणाल, सून असून मुलीसारखं केलंस गं त्यांचं. परदेशात त्यांना मित्रसुद्धा मिळवून दिलास." मी नुसती "हो आत्या, हो आत्या" करत राहिले. फोन ठेवला आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं.

आज सतरा दिवस झाले. अभय तिकडे तुमचं सगळं करायला गेलाय, इरा शाळेत गेलीय, आणि मी न्युरेम्बर्गच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर आजोबांच्या खोलीत बसून हे लिहितेय. खरं म्हणजे ही आमची कपडे वाळत घालायची खोली. पण तुम्ही इथे नव्वद दिवस राहून गेलात तेव्हापासून हिचं नाव बदललं ते बदललंच. तुमच्या कॉटवर आता इस्त्रीचे कपडे असतात.

आत्यांना जे सांगता आलं नाही ते तुम्हाला सांगते. मित्र तुमचा तुम्हीच मिळवला होतात. मी फक्त मधे उभी होते, तुमचं त्याला आणि त्याचं तुम्हाला सांगायला. आणि ते काम मी वाईट केलं. बोलणं अर्धं पोचवलं, अर्धं गिळलं. एकदा तर सगळंच गिळलं, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा तोंडावर खोटं बोलले.

तुम्ही आलात तो वर्ल्ड कपचा उन्हाळा. लोक गाड्यांना झेंडे लावून हॉर्न वाजवत फिरत होते आणि तुम्ही बाल्कनीत उभे राहून विचारायचात, "निवडणूक आहे का?" आईंना जाऊन सहा महिने झाले होते. एकट्यानं तिकडे भिंतीकडे बघत बसू नका म्हणून अभयनं हट्ट धरला, इथल्या परदेशी लोकांच्या कचेरीत, आउसलेंडरबेहोर्डमध्ये, खेपा घालून तुमचे कागद केले, आणि तुम्हाला आणून इथल्या भिंतीकडे बघायला बसवलं. कारण आम्ही दोघं ऑफिसला, इरा किंडरगार्टनमध्ये. तुम्ही दिवसभर एकटे. तरी तक्रार नाही. संध्याकाळी मी आले की सांगायचात, आज खारी किती दिसल्या, इथल्या खारी तांबड्या कशा, कानांना शेंडी कशी असते. जंगलखात्यात तीस वर्षं काढलेला माणूस, त्याला खालच्या आवारातली चार झाडं पुरत होती. निदान आम्ही तशी समजूत करून घेतली.

मग एका संध्याकाळी मी यू-बान मेट्रोवरून घरी येत होते, तर आवारात तुम्ही कुंपणापाशी उकिडवे बसलेले. आणि शेजारी एक थोराड, लालबुंद तोंडाचा म्हातारा तसाच उकिडवा. दोघंही झुडपाखाली बघताय. तिथे एक काटेरी प्राणी फूं फूं करत पालापाचोळा उचकत होता. जर्मन लोक त्याला ईगेल म्हणतात. मी म्हटलं, झालं, आता बिल्डिंगची देखभाल बघणाऱ्या हाउसमाइस्टरची तक्रार येणार. पण तो म्हातारा बोट दाखवून म्हणाला, "ग्रॉन्योग."

तुम्ही म्हणालात, "ग्रॉन्योग." पहिल्या फटक्यात, अगदी त्याच्यासारखं. त्या माणसाचा चेहरा असा झाला, जसा काही परमुलखात गावाकडच्या एसटीचा बोर्ड दिसावा.

तो तळमजल्यावरचा शेमस. सहा वर्षं आम्ही त्याला 'गुटन टाग' म्हणत होतो आणि जर्मनच समजत होतो. तो आयरिश निघाला. बांधकामावर गवंडी म्हणून इकडे आला, इथलीच बायको केली, ती वारली, हा राहिला. सहा वर्षांत मला कळलं नाही ते तुम्ही उकिडवे बसून दहा मिनिटांत काढलंत, तेही भाषा येत नसताना.

"मृणाल, विचार याला, अर्थ काय होतो?"

मी इंग्रजीत विचारलं. शेमस म्हणाला, छोटं कुरूप असा अर्थ होतो, आमच्या भाषेत काटेवाल्याचं तेच नाव.

"कुरूप?" तुम्ही चिडलातच. "अगं, नाक बघ त्याचं, पाय बघ. किती नीटस आहे. सांग याला, नाव ठेवणाऱ्यानं नीट बघितलंच नव्हतं म्हणावं. लांबून बघून नाव ठेवलं की असंच होतं. जंगलात आम्ही नव्या पोरांना हेच सांगायचो."

माझ्या खांद्याला लॅपटॉप, हातात दुधाची पिशवी. मी शेमसला म्हटलं, "यांना तो प्राणी आवडला."

बाबा, पहिल्याच दिवशी हे केलं मी.

पुढे रोजचं झालं. साडेसहा वाजले की तुम्ही दोघं लिंडनच्या झाडाखालच्या बाकावर. इथे उन्हाळ्यात नऊ-साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे उठायची घाई नाही. आधी बोटं, हातवारे, आवाज काढून दाखवणं. ते संपलं की खालून हाक, "मृणाल, दोन मिनिटं ये गं." ती दोन मिनिटं कधी दोन नसायची. खरं सांगू? मला राग यायचा. ऑफिसमधून येऊन स्वयंपाक, इराची अंघोळ, उद्याचे डबे, आणि हे दोघं खाली प्राण्यांची बारशी करत बसलेत. मी पोळ्या टाकून यायचे ते तोंड वाकडं करूनच. तुम्ही ते बघितलं असणार. तुमच्या नजरेतून कधी काही सुटायचं नाही.

त्या रागात मी एक युक्ती शिकले. तुम्ही वीस वाक्यं बोललात की मी त्याची दोन करायची. शेमसचीही तशीच. कुणाला कळणार होतं?

एकदा शेमस सांगत होता, त्यांच्याकडे गायीला 'बो' म्हणतात आणि रस्त्याला 'बोहर'. रस्ता म्हणजे मुळात गायीची वाट. जुन्या काळी रस्त्याची रुंदीसुद्धा म्हणे गायींवर मोजायचे, एक गाय आडवी आणि एक उभी मावली पाहिजे. आणि त्यानं कुठेतरी वाचलं होतं, की त्यांची 'बो' आणि संस्कृतातली 'गो' एकाच मुळातून आल्या. एवढं मात्र मी नीट सांगितलं. तुम्ही बाकावरून उठून उभेच राहिलात. "गो? अरे वा! म्हणजे आपली गाय याच्या गावी गेली का याची आपल्याकडे आली?" मग तुमचं पाणंदीचं सुरू झालं. लहानपणी संध्याकाळी गुरं घेऊन पाणंदीनं घरी यायचात, कपिली पुढे चालायची, ती थांबली की सगळा कळप थांबायचा, पावसाळ्यात पाणंदीत गुडघाभर चिखल, आणि कपिलीच्या शेपटीला धरून तुम्ही तो पार करायचात. पाच मिनिटं तरी बोलला असाल. चेहरा इतका खुलला होता.

मी शेमसला म्हटलं, "ते म्हणताहेत, भारतातही गायी रस्त्यानं चालतात."

"हो, टीव्हीवर पाहिलंय," शेमस म्हणाला.

आता हसू येतं आणि लगेच स्वतःचीच चीड येते.

त्याचंही मी तुमच्यापर्यंत किती येऊ दिलं? एका संध्याकाळी तो बराच वेळ बोलला. या गावात आपल्या भाषेत बोलायला एक माणूस नाही. बायको भली होती, पण तीस वर्षांत दहा-बारा शब्द शिकली, त्यातले निम्मे शिव्या. मुलगा हांबुर्गला, त्याला त्यात रस नाही. म्हणून रोज सकाळी दाढी करताना तो आरशासमोर सगळ्या जनावरांची नावं एका दमात म्हणतो, काल होतं त्यातलं आज काही गळलं तर नाही ना हे बघायला. हे तो हसत सांगत होता, पण हात मांडीवर घट्ट दाबून धरला होता. मी तुम्हाला काय सांगितलं? "त्याची भाषा खूप जुनी आहे म्हणतोय."

तुम्ही मान डोलावलीत. "आपलीही जुनीच आहे, सांग त्याला." तेवढंही मी सांगितलं नाही, कारण वर इरा रडत होती.

परिणाम काय झाला बघा. एकदा जिन्यात शेमस मला म्हणाला, "तुझा सासरा फार भला माणूस आहे, पण मोजकंच बोलतो." आणि त्याच आठवड्यात तुम्ही जेवताना म्हणालात, "माणूस सोन्यासारखा आहे, पण अबोल." मला हसू फुटलं. अभयनं विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही. दोन बडबडे म्हातारे, आणि माझ्या कृपेनं दोघंही एकमेकांना अबोल समजत होते.

सगळंच वाईट नव्हतं, हेही लिहायला हवं. काही गोष्टींना दुभाषी लागत नव्हता. वटवाघळाला ते चामड्याचा पंख म्हणतात हे त्यानं स्वतःच्या जुन्या जाकिटाची बाही फडफडवून दाखवलं आणि तुम्हाला तिथल्या तिथे कळलं. जेलीफिशला सीलची थुंकी म्हणतात, हे त्यानं असं थुंकून दाखवलं की इरा तीन दिवस घरभर तेच करत होती. मोठ्या उंदराला फ्रेंच म्हणतात, 'फ्रँकाख', हे कळल्यावर तुम्ही म्हणालात, आपल्याकडेही नको ते झाड आलं की त्याला विलायती म्हणून मोकळं होतात. हे मी सांगितलं हं, पूर्ण सांगितलं. शेमस पोट धरून हसला.

आणि ते पाणमांजराचं भांडण. कोल्ह्याला त्यांच्यात तांबडा कुत्रा म्हणतात, 'माद्रा रुआ', ते तुम्ही मान्य केलंत. पण पाणमांजराला 'माद्रा इश्का', पाण्यातला कुत्रा, हे तुम्हाला पटेना. "मांजर आहे ते. मिशा बघ म्हणावं." शेमस म्हणायचा, पोहणं बघ, कुत्रंच. अभयनं इंटरनेटवर बघून सांगितलं, की ते मांजरही नाही आणि कुत्राही नाही. तुम्ही दोघांनी त्याच्याकडे अशा नजरेनं बघितलंत की तो बिचारा वर निघून गेला. रोज शेवटी तुम्ही मराठीत "मांजर" म्हणायचात, तो "माद्रा" म्हणायचा, आणि उठायचात. ते भांडण तुम्ही दोघांनी मिटू दिलं नाहीत, मला वाटतं मुद्दामच.

आता ते. ते लिहायचं म्हणूनच इतकं लांबण लावलं.

मधल्या एका रविवारी आपण प्राणिसंग्रहालयात गेलो होतो. इरा काचेला नाक लावून ओरडत होती, "टीगर, आजोबा, टीगर!" ती तेव्हाही जर्मनमधूनच बोलायची. तुम्ही तिला म्हणालात, "हं, मोठं जनावर आहे." ती मान हलवत परत, "नाइन, टीगर!" तुम्ही परत, "मोठं जनावर." अभय म्हणाला, "बाबा, जंगलखात्यात होता ना तुम्ही? वाघ म्हणतात त्याला." आम्ही दोघं हसलो. तुम्ही पुढे हरणांकडे गेलात. अभय म्हणाला, लहानपणापासून बघतोय, बाबांच्या तोंडून तो शब्द कधी ऐकला नाही, जंगलातल्या जुन्या लोकांची पद्धत असते तशी.

तुम्ही परत जायला दहा दिवस उरले होते. ऑफिसात आमच्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, साडेसातला म्युनिकच्या लोकांबरोबर कॉल होता. कुकर लावलेला, इरा टबमध्ये, अभय तिच्यापाशी. खालून हाक आली. मी गॅस बारीक करून, मनातल्या मनात पुटपुटत खाली आले.

त्या दिवशी लांडगा होता. शेमस म्हणाला, आमच्यात त्याला 'माक टीरे' म्हणतात. म्हणजे भूमीचा पुत्र, या मातीचा लेक. मी विचारलं, इतकं मानाचं नाव का? तो म्हणाला, काही लोक म्हणतात भीतीपोटी. खरं नाव घेतलं की तो येतो, म्हणून मोठेपणा देऊन बोलायचं. आता आयर्लंडात दोनशे वर्षांत लांडगा नाही, पण नाव तेच राहिलं. हे मी तुम्हाला जसंच्या तसं सांगितलं. घाईत होते, पण सांगितलं.

मग तुम्ही बोलायला लागलात, आणि माझ्याकडे न बघता त्याच्याकडे बघून बोलायला लागलात, मराठीत, त्याला सगळं कळत असल्यासारखं.

तुम्ही बावीस वर्षांचे, मॅट्रिक पास, नवे वनरक्षक, चंद्रपूरकडच्या जंगलात पहिली नेमणूक. तुमच्या हाताखाली एक वनमजूर, तुमच्याहून दुप्पट वयाचा. हाताखाली म्हणायला, पण जंगल तुम्हाला त्यानंच शिकवलं. माग कसे बघायचे, पाणी कुठे लागतं, वणवा अडवायला जाळरेषा कशी काढायची. त्याचा एकच नेम, त्या जनावराचं नाव घ्यायचं नाही. तुम्ही त्याची थट्टा करायचात. एका संध्याकाळी नाल्याकाठी तुम्ही खडकावर चढून, हसत, त्याच्याकडे बघत, घसा फोडून तीनदा ते नाव ओरडलात. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, जंगलाकडे तोंड करून हात जोडले आणि म्हणाला, पोरगं आहे, चुकलं त्याचं. दुसऱ्या दिवशी पहाटे तो मोहफुलं वेचायला गेला. खाली वाकून वेचत होता. तुम्हाला आधी त्याची टोपली सापडली. खाटेवर घालून त्याला गावात आणणाऱ्यांत तुम्ही होतात. त्याच्या बायकोनं विचारलं, काल संध्याकाळी तुम्हीच बरोबर होतात ना साहेब, काही बोलले का ते? तुम्ही म्हणालात, काही नाही.

"मी अडाणी नाही," तुम्ही शेमसला म्हणत होतात. "मला कळतं, नाव घेतल्यानं काही येत नाही. चाळीस वर्षं स्वतःला तेच सांगतोय. पण मी हसत होतो रे तेव्हा." तिथे तुम्ही डोळे पुसलेत. मग तुम्ही माझ्याकडे वळलात. "हे मी अभयच्या आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. याला सांग, मृणाल. याला कळेल."

शेमस माझ्याकडे बघत होता, वाट बघत. वर कुकरची शिट्टी झाली. माझ्या घड्याळात सात पंचवीस झाले होते. पण बाबा, कुकरवर ढकलणार नाही मी. दहा मिनिटं उशीर झाला असता तर म्युनिक काही बुडत नव्हतं. खरं कारण हे, की ते माझ्या तोंडून निघेना. सासऱ्याच्या डोळ्यांत पाणी मी कधी बघितलं नव्हतं. आणि आपल्या घरातलं हे असलं, परक्या माणसाला, आवारात उभं राहून सांगायचं, याची मला लाज वाटली. होय, लाज वाटली. मनात म्हटलं, नंतर सांगू कधीतरी निवांत.

मी शेमसला म्हटलं, "ते म्हणताहेत, त्यांच्या जंगलातही वाघाला कुणी नावानं हाक मारत नाही."

शेमसचा चेहरा उजळला. तो मोठ्यानं हसला, मांडीवर थाप मारली, मग तुमच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "जगात सगळीकडे सारखंच, काय!"

तुम्ही त्याच्याकडे बघत राहिलात. मग मला विचारलंत, "सगळं सांगितलंस?"

"हो बाबा. सगळं."

लिफ्टमध्ये तुम्ही म्हणालात, "हसला तो." मी मजल्यांचे आकडे बघत होते. दुसरा मजला गेल्यावर तुम्हीच म्हणालात, "असू दे. त्यानं आयुष्यात काय काय बघितलं असेल, त्याला हे किरकोळ वाटलं असेल." त्याचीही बाजू घेतलीत तुम्ही. मी दार उघडलं आणि लॅपटॉपपाशी जाऊन बसले. कॉलवर माझं बोलायचं कामसुद्धा नव्हतं त्या दिवशी.

उरलेले दहा दिवस तुम्ही खाली जात राहिलात. पण मला हाक मारली नाहीत. बोट दाखवायचं, नाव ऐकायचं, नाव सांगायचं, पुरे. निघताना शेमसनं हात पुढे केला तर तुम्ही लांबूनच नमस्कार केलात. अभयला वाटलं, बाबा हळवे झालेत.

पुढच्या उन्हाळ्यात अभयनं तिकीट काढतो म्हटलं तर तुमचे गुडघे दुखायला लागले. त्याच्या पुढच्या वर्षी घराचं रंगकाम. अभयला कळेना, इतकं रमले होते, आता का येत नाहीत. मला कळत होतं. दर रविवारी कॉलिंग कार्डावरून बोलणं व्हायचं, शेवटी तुम्ही विचारायचात, "खालचा तो बरा आहे ना?" मी म्हणायचे, "बरा आहे, तुमची आठवण काढतो." ते खरंच होतं. तो दर आठवड्याला विचारायचा, कधी येणार, माझ्याकडे पक्ष्यांची यादी तयार आहे. पण तुम्ही नुसतं "हं" म्हणायचात. दोन वर्षांचे रविवार किती होतात. एका रविवारी पाच मिनिटं बोलले असते तर काम झालं असतं. बाबा, तो तुमच्यावर हसला नाही, त्याला मी सांगितलंच नव्हतं. एवढंच तर वाक्य होतं. दोन-तीनदा ओठांवर आलं, आणि मग मी विचारलं, गोळ्या घेतल्या का.

तेराव्याच्या दिवशी दारावरची बेल वाजली. शेमस. इस्त्रीचा शर्ट, टाय, हातात फडक्यात गुंडाळलेला स्वतः भाजलेला पाव. अभय इथे नाही हे त्याला माहीत होतं. स्वयंपाकघरात बसला. मी चहा ठेवला. मग तो म्हणाला, "मला एक विचारायचं होतं. शेवटी शेवटी मी त्यांना काही बोललो का? लांडग्याच्या दिवसापासून ते बदलले. दोन वर्षं विचार करतोय, माझं काय चुकलं."

तुम्ही तिकडे दोन वर्षं तेच धरून बसला होतात, आणि हा खाली. मधे फक्त तीन मजले नव्हते, मी होते.

मग मी सांगितलं. सगळं. नाला, खडक, तीनदा ओरडणं, टोपी काढून हात जोडणं, मोहफुलं, टोपली, खाट. तुम्ही बोललात तसंच, एक वाक्य न गाळता, निदान माझा तसा समज होता. पाणंद सांगितली, कपिली सांगितली. आणि मी त्याऐवजी त्याला काय सांगितलं होतं, तेही सांगितलं. चहा गार झाला.

शेमसनं चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले. म्हणाला, "आणि मी हसलो." थोड्या वेळानं म्हणाला, "तू मला हसायला लावलंस." आवाज चढला नव्हता. मी माफी मागितली. त्यानं मान हलवली, पण ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, मला कळलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही.

जायला उठला. दारापाशी थांबून म्हणाला, तुझ्या सासऱ्यासाठी मी रोज प्रार्थना म्हणतोच आहे, माझ्या भाषेत. आता त्या दुसऱ्या माणसासाठीही म्हणेन, त्यांनी ज्याच्यासाठी इतकी वर्षं सोसलं त्याच्यासाठी. आमच्याकडे नाव घेऊन म्हणतात. "काय नाव होतं त्याचं?"

बाबा, तुम्ही नाव घेतलं होतंत. नुसता वनमजूर म्हणाला नव्हतात, मी म्हणतेय. तुम्ही प्रत्येक वेळी नावानं म्हणालात, आडनावासकट, एकदा गावासकट. त्या बाकावर ते ऐकून समजणारी मी एकटीच होते. मी शेमससमोर दारात उभी राहिले, तोंड उघडलं, आणि मला ते आठवेना.

अभयला फोन केला. त्याला ही गोष्टच माहीत नव्हती, ती त्याला फोनवर सांगावी लागली. त्यानं तुमची पेटी उघडली, डायऱ्या बघितल्या, जुन्या ऑफिसात विचारून आला. कुणालाच काही माहीत नाही. तुम्ही ते त्या एकाच संध्याकाळी उच्चारलंत, आणि तेव्हा मी घड्याळ बघत होते.

चार दिवस झाले. खाली शेमस वाट बघतोय.